उलटी प्रदक्षिणा : डावखुरे फटकेबाज आणि त्यांच्या जागा

मंडळाच्या अभ्यासलेखांत यंदा ओवी झाली, आत्मकथनं झाली, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण तर दर वर्षी होतंच. त्यामुळे ‘मी बेसबॉलवर लिहिते’ म्हटल्यावर बैठकीत जो हशा पिकला तो अपेक्षितच होता. पण विषय मी उगाच काढलेला नाही. त्याला एक जुनी खुन्नस कारणीभूत आहे, ती आधी सांगते आणि मग धड्याला लागते.

पहिल्या वर्षाला असताना मी सॉफ्टबॉलच्या एका निवड शिबिरात गेले होते. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. मैदान लहान, चेंडू मोठा, नियम बहुतेक तेच. मी डाव्या हातानं फेकते आणि बॅटही डावखुरी धरते. मला शॉर्टस्टॉपची जागा हवी होती, कारण सगळ्यात जास्त चेंडू तिथं येतात. तिथल्या प्रशिक्षकांनी मला एक चेंडू फेकायला लावला, हात पाहिला आणि म्हणाले, ‘लेफ्टी? फर्स्ट बेसला जा, नाहीतर राइट फील्डला.’ का, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘असंच असतं.’ साहित्याच्या विद्यार्थिनीला ‘असंच असतं’ हे उत्तर पचत नाही. वर आणखी गंमत अशी, की सामानाच्या पेटीत होते नव्हते ते सगळे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे, म्हणजे उजव्या हातानं फेकणाऱ्यांचे. माझ्या मापाचा नाही असं नव्हे, माझ्या बाजूचाच नव्हता.

तर प्रश्न दोन. डावखुऱ्याला बेसबॉलमध्ये ठरावीक जागाच का मिळतात? आणि त्याच खेळातले सगळ्यात मोठे फटकेबाज इतक्या संख्येनं डावखुरे कसे?

उत्तराची सुरुवात मी मैदानाऐवजी शब्दकोशातून करणार आहे, कारण आपलं मंडळ साहित्याचं आहे.

मराठीत उजवा म्हणजे सरस. ‘त्याच्यापेक्षा ही उजवी ठरली’ असं आपण सहज म्हणतो. लेक उजवते, कूस उजवते. उलट ‘डावलणं’ म्हणजे बाजूला टाकणं, आणि त्यात ‘डावा’ उघड ऐकू येतो. एखादी गोष्ट फारच सोपी असली तर ती डाव्या हाताचा खेळ. म्हणजे त्या बिचाऱ्या हाताकडून कुणाची काही अपेक्षाच नाही. बारडोलीत आमच्या शेजारी गुजरातीतही हाच वाक्प्रचार आहे, आणि डावखुऱ्याला तिथं ‘डाबोडी’ म्हणतात. लहानपणी गल्लीत माझं नाव तेच होतं. मराठीत क्रिकेटच्या इनिंगला आपण ‘डाव’ म्हणतो हे मला फार आवडतं. डाव आणि डावा यांचं मूळ एकच आहे असा दावा मी करत नाही, पण कानाला बरं वाटतं.

आता ‘दक्षिण’ हा शब्द घ्या. संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा, आणि दक्षिण म्हणजे ती दिशाही. कारण साधं आहे. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात दक्षिणेला येतो. प्रदक्षिणा म्हणजे मधली गोष्ट उजव्या हाताला ठेवून फिरणं, घड्याळाच्या काट्यांसारखं. अमेरिकेत डावखुऱ्या पिचरला ‘साउथपॉ’ म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचा पंजा. त्याची जी व्युत्पत्ती बहुतेक ठिकाणी सांगतात ती अशी, की दुपारचं ऊन बॅट धरणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मैदान असं आखायचे की त्याचं तोंड पूर्वेला होईल. मग त्याच्यासमोर उभ्या पिचरचं तोंड पश्चिमेला, आणि त्याचा डावा हात दक्षिणेला. हा शब्द बेसबॉलच्या आधीपासून सापडतो असंही अभ्यासक दाखवतात, म्हणून या गोष्टीवर फार भिस्त ठेवू नका. पण पाहा ना, आपल्याकडे दक्षिण उजव्या हाताची आणि त्यांच्याकडे डाव्या. फरक फक्त तोंड कुणीकडे केलंय याचा.

बेसबॉलमधलं धावणं ही उलटी प्रदक्षिणा आहे. माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या एका वाक्यात आहेत, फक्त ती उलगडायला हवीत.

वहीच्या पानावर एक चौकोन काढा आणि तो एका कोपऱ्यावर उभा करा, पतंगासारखा. खालचा कोपरा म्हणजे होम प्लेट, तिथं बॅट धरणारा. उजवा कोपरा पहिला बेस, वरचा दुसरा, डावा तिसरा. चेंडू मारला की होमपासून पहिल्याकडं पळायचं, मग दुसरा, तिसरा आणि परत घरी. सगळं धावणं घड्याळाच्या उलट, आणि मैदानाचा मध्य कायम डाव्या हाताला. दोन बेसमधलं अंतर बेसबॉलमध्ये ९० फूट आणि सॉफ्टबॉलमध्ये ६० फूट. चेंडू जमिनीवरून गेला तर तो उचलून धावणाऱ्याच्या आधी पहिल्या बेसवर पोचवला, की तो बाद. म्हणजे मैदानातल्या निम्म्या घडामोडींचा शेवट त्या उजव्या कोपऱ्यावर होतो. खेळाचा उतारच त्या बाजूला आहे.

आधी बॅटचं पाहू, कारण तिथं डावखुऱ्याची चंगळ आहे. डावखुरा होम प्लेटच्या ज्या बाजूला उभा राहतो ती बाजू पहिल्या बेसच्या जवळची. म्हणजे पळायला दोन-तीन पावलं कमी. शिवाय बॅट फिरवल्यावर त्याचं अंग आपोआप पहिल्या बेसकडं वळतं, तर उजव्या हातानं खेळणाऱ्याचं तिसऱ्याकडं, आणि तिथून त्याला स्वतःला सावरून पळावं लागतं. पण फटकेबाजाला हे पाऊल-दोन पाऊल तसं नगण्यच, कारण चेंडू कुंपणाबाहेर गेला की चालत आलं तरी चालतं. त्याचा खरा फायदा नजरेचा. बहुतेक पिचर उजव्या हातानं फेकतात. उजवा पिचर जेव्हा उजव्या बॅटरला वळणारा चेंडू टाकतो तेव्हा तो आधी अंगावर येतो आणि मग दूर पळतो. तोच चेंडू डावखुऱ्याकडं आत येतो, आणि हातातून सुटल्यापासून त्याला जास्त वेळ दिसतो. दहातला एक माणूस डावखुरा, आणि समोरचे बहुतेक पिचर उजवे. संख्येनं कमी असण्याचा असा फायदा फार कमी ठिकाणी मिळत असेल.

त्यात काही मैदानांनी भर घातली. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम १९२३ साली उघडलं तेव्हा त्याच्या उजव्या कोपऱ्यातलं कुंपण अवघ्या २९५ फुटांवर होतं, आणि डावखुऱ्यानं ताकदीनं ओढलेला चेंडू नेमका तिकडंच जातो. संघात तेव्हा बेब रूथ होता. हा योगायोग होता असं मानायला मी तयार नाही.

याला उत्तरही निघालं. टेड विल्यम्स हा डावखुरा फटकेबाज सगळं उजव्या बाजूलाच मारतो म्हणून १९४६ साली क्लीव्हलँडचा खेळाडू-व्यवस्थापक लू बूड्रो यानं आपले जवळपास सगळे क्षेत्ररक्षक उचलून उजव्या बाजूला लावले. तिसऱ्या बेसच्या बाजूला मोकळं रान. विल्यम्सनं तिकडं चेंडू ढकलला असता तर फुकटचा बेस मिळाला असता, पण तो बहुतेकदा हट्टानं गर्दीतच मारत राहिला. पुढं संगणकाच्या काळात हे ‘शिफ्ट’ इतकं वाढलं की २०२३ पासून मेजर लीगनं नियमच केला : दुसऱ्या बेसच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन इनफिल्डर असलेच पाहिजेत. मूठभर डावखुऱ्यांना रोखायला सगळे इतके झटले की शेवटी कायदा करावा लागला. डावलणं याला तरी म्हणता येणार नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे क्षेत्ररक्षण. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण शिबिरात मला ती कुणी सांगितली नाही आणि मी दोन वर्षं उगाच जळफळत राहिले. बॅट कुठल्या हाताची आणि फेकणं कुठल्या हाताचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा ठरवतो तो फेकणारा हात.

चेंडू जोरात फेकायचा तर विरुद्ध खांदा लक्ष्याकडं करावा लागतो. उजव्यानं फेकणाऱ्याचा डावा खांदा पुढं, डाव्यानं फेकणाऱ्याचा उजवा. तिसऱ्या बेसवर, शॉर्टस्टॉपला किंवा दुसऱ्या बेसवर तोंड होमकडं करून उभे राहा. पहिला बेस तुमच्या डाव्या हाताला आहे. उजव्या हातानं फेकणाऱ्यानं चेंडू उचलला, की त्याचा डावा खांदा जवळपास पहिल्या बेसकडंच असतो. उचलला आणि फेकला. डावखुऱ्याला मात्र आधी अंग वळवून उजवा खांदा तिकडं न्यावा लागतो. हे वळणं क्षणभराचं, पण तेवढ्या क्षणात धावणारा दोन-तीन पावलं काढतो. सॉफ्टबॉलमध्ये अंतरच ६० फूट, तिथं तर हे वळणं अजून महाग पडतं. कॅचरचंही असंच. त्याच्या डाव्या हाताला तिसरा बेस, आणि तिथून घरी येणाऱ्याला चेंडू लावायचा तर ग्लोव्ह डाव्या हातात असलेला बरा. डावखुऱ्याला तो अंगावरून आडवा न्यावा लागतो. मेजर लीगमध्ये डाव्या हातानं फेकणारा शेवटचा कॅचर १९८९ मधला बेनी डिस्टेफानो, पिट्सबर्गकडून, तोही तीन सामन्यांपुरता.

याच्या नेमकं उलट पहिला बेस. तिथून दुसरा आणि तिसरा बेस उजव्या हाताला येतात, म्हणून डावखुऱ्याचा खांदा आधीच बरोबर वळलेला असतो. शिवाय त्याचा ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधल्या मोकळ्या जागेच्या बाजूला. पिचरला आणि आऊटफिल्डला तर हाताची अडचणच नाही; डावखुऱ्या पिचरचं तोंड पहिल्या बेसकडंच असतं, तिथला धावपटू त्याच्या डोळ्यांसमोर. २००८ साली भारतात पिचर शोधायची जी स्पर्धा झाली, तीत जिंकून पिट्सबर्गकडं गेलेला उत्तर प्रदेशचा भालाफेकपटू रिंकू सिंग डावखुराच होता.

आता मोठी नावं या चाळणीतून घालून पाहा. डाव्यानं मारणारे आणि डाव्यानंच फेकणारे : बॅरी बॉन्ड्स, ७६२ होमरन, लेफ्ट फील्ड. केन ग्रिफी धाकटा, ६३०, सेंटर फील्ड. रेजी जॅक्सन, ५६३, राइट फील्ड. लू गेरिग, ४९३, पहिला बेस. जपानमध्ये ८६८ होमरन मारणारा सदाहारू ओह, एक पाय बगळ्यासारखा उचलून मारायचा, तोही पहिल्या बेसवर. सगळे आऊटफिल्डमध्ये नाहीतर पहिल्या बेसवर, एकही अपवाद नाही. आणि डाव्यानं मारणारे पण उजव्यानं फेकणारे? योगी बेरा, कॅचर. एडी मॅथ्यूज, ५१२ होमरन, तिसरा बेस. आजचा शोहेई ओतानी, उजव्या हातानं पिचिंग आणि डाव्या बाजूनं फटके. यांना सगळी दारं उघडी. ज्याला नुसतंच मारता येतं, त्याच्यासाठी अमेरिकन लीगनं १९७३ मध्ये ‘डेझिग्नेटेड हिटर’ ही जागाच तयार केली, म्हणजे मैदानात उभंच राहायचं नाही, फक्त बॅट धरायची. ती जागा मला जरा संशयास्पद वाटते. अर्धा खेळ खेळायचा.

इथं बायबलमधली एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘शास्ते’ या पुस्तकात बन्यामीन वंशातल्या सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. बन्यामीन या नावाचा अर्थ ‘उजव्या हाताचा पुत्र’. त्याच वंशातला एहूदही डावखुरा. गोफणवाल्याला पहिल्या बेसची चिंता नव्हती हे त्यांचं नशीब.

आता बेब रूथ. त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. जन्म १८९५, बाल्टिमोर. सात वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूलमध्ये टाकलं. झेव्हेरियन ब्रदर्सची शाळा, अर्धी अनाथाश्रम आणि अर्धी सुधारगृह. तिथले ब्रदर मथायस हे धिप्पाड गृहस्थ पोरांना एका हातानं चेंडू मारून दाखवत, आणि रूथनं मारायची ढब त्यांच्याकडून उचलली असं तो आयुष्यभर सांगत राहिला. शाळेत तो कॅचर होता. डावखुरा कॅचर! आणि शाळेत डावखुऱ्याचा ग्लोव्ह नव्हता. मग हा मुलगा उजव्यांचा ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा, चेंडू झेलायचा, ग्लोव्ह झटकून टाकायचा, चेंडू डाव्या हातात घ्यायचा आणि फेकायचा. हे वाचलं तेव्हा मी हॉस्टेलच्या खाटेवर ताडकन उठून बसले. शंभरएक वर्षांपूर्वीची बाल्टिमोरची पेटी आणि माझ्या शिबिरातली पेटी, दोन्ही सारख्याच भरलेल्या.

पुढं तो बोस्टनचा पिचर झाला, आणि चांगला झाला. पण पिचर रोज खेळत नाही, हात थकतो. रोज बॅट धरायची तर दुसरी जागा हवी. डाव्यानं फेकणाऱ्याला जागा कुठल्या, ते आता तुम्हाला माहीत आहे. तो आऊटफिल्डमध्ये गेला. १९१९ मध्ये त्यानं २९ होमरन मारले, न्यूयॉर्कला विकला गेल्यावर १९२० मध्ये ५४, १९२७ मध्ये ६०, एकूण ७१४. पण ब्रदर लोकांनी त्याचा एक हात बदललाच. सही तो उजव्या हातानं करायचा.

आता अमेरिका पुरे, आपल्याकडं येऊ. आपल्याकडचा डावखुरा फटकेबाज क्रिकेटमध्ये सापडतो, आणि तिथं गणित पार बदलतं. क्रिकेटमध्ये धावणं सरळ रेषेत, जाऊन-येऊन, प्रदक्षिणा नाहीच. दर षटकाला टोक बदलतं. आणि मुख्य म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या जागा जमिनीत रोवलेल्या नाहीत, त्या फलंदाजाला बांधलेल्या आहेत. डावखुरा आला की ऑफ तिकडं, लेग इकडं, पॉइंटचा माणूस मुकाट्यानं मैदान ओलांडून जातो. उजवा-डावा जोडी जमली आणि एकेरी धावा निघू लागल्या की अकरा जणांची वरात. बेसबॉलमध्ये मैदान जागचं हलत नाही, माणसानं जुळवून घ्यायचं. क्रिकेटमध्ये डावखुऱ्यासाठी मैदानच कूस बदलतं. अर्थात सगळंच गोड नाही. उजव्या गोलंदाजांच्या पावलांनी जो भाग उकरला जातो तो डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपबाहेर पडतो, आणि ऑफस्पिनर मग तिथं हात धुऊन मागं लागतात.

पण एकही जागा बंद नाही. बारडोलीहून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या सुरतेत १९३६ साली जन्मलेले रुसी सुरती पाहा. डावखुरे फलंदाज, डाव्या हातानं मध्यमगतीही टाकायचे आणि फिरकीही, आणि क्षेत्ररक्षण अव्वल. २६ कसोटी, १२६३ धावा, ४२ बळी. १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात चार कसोटींत ३६७ धावा आणि २२ बळी, आणि लगेच न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ९९. कसोटी शतक राहिलंच. लोक त्यांना ‘गरिबांचा सोबर्स’ म्हणत. मला ही पदवी कौतुकापेक्षा हिणवणारी जास्त वाटते. पुढं ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडकडून खेळले. आमच्या भागात आज त्यांचं नाव काढलं तर दहातले नऊ जण ‘कोण?’ विचारतात.

अजित वाडेकर त्याच दौऱ्यातले, वेलिंग्टनला १४३. तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजी, स्लिपमध्ये झेल, आणि १९७१ मध्ये कर्णधार म्हणून वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्ही जिंकले. विनोद कांबळी बॅट डावखुरी धरायचा पण गोलंदाजी उजव्या हातानं, म्हणजे बेसबॉलच्या हिशोबात बेरा-मॅथ्यूजच्या पंगतीतला. रणजीत आल्या आल्या पहिल्याच चेंडूवर षटकार. १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोटींत २२४ आणि २२७. एवढं असून १७ कसोटींवर थांबला, सरासरी ५४ च्या वर असताना. त्याची कारणं हा वेगळा लेख आहे.

त्याच पंगतीत सांगलीची स्मृती मानधना. भावाला खेळताना पाहून बॅट हातात घेतली. डावखुरी सलामीवीर, फेकते उजव्या हातानं. ऑक्टोबर २०१३ मध्ये बडोद्याला एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध तिनं १५० चेंडूंत नाबाद २२४ केल्या. पुन्हा २२४! आणि २०२५ मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक. मराठी घर आणि गुजराती गल्ली असलेल्या माझ्यासारखीनं बडोद्याच्या त्या सामन्यात कुणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न मी सोयीनं टाळते. डावखुरीची घेते.

तर शिबिरातल्या त्या ‘असंच असतं’चा हिशोब. जागेच्या बाबतीत ते सर बरोबर होते, आणि हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली. मैदानाची भूमिती कुणाचा द्वेष करत नाही. पण पेटीत डावखुऱ्याचा ग्लोव्ह नसणं ही भूमिती नव्हती. ती कुणीतरी लिहिलेली खरेदीची यादी होती, आणि ती लिहिताना दहातला एक कुणाला आठवला नाही. मी त्या दिवशी रागानं दोन्हींना एकाच माळेत ओवलं, म्हणून भांडावं कशाशी हेच मला कळलं नाही. आता मी पहिल्या बेसवर खेळते, खुशीनं, आणि प्रत्येक शिबिरात सामानाची पेटी आधी उघडून बघते.

नाताळच्या सुट्टीत बारडोलीला गेले होते. माझे आजोबा श्रीरामपूरहून इथल्या साखर कारखान्यात फिटर म्हणून आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. हंगामात खानदेशातून ऊसतोड मजूर येतात, आमच्या घरामागच्या मोकळ्या रानात त्यांच्या झोपड्या पडतात. संध्याकाळी त्यांची पोरं टेनिसच्या चेंडूनं खेळत होती. मी त्यांना चुलीतल्या राखेनं तो पतंगाचा चौकोन आखून दिला, चार कोपऱ्यांवर रिकामी पोती ठेवली आणि उलटी प्रदक्षिणा शिकवली. क्रिकेट खेळलेली पोरं, पण अर्ध्या तासात तयार झाली. ग्लोव्ह कुणालाच नव्हता, त्यामुळे तो प्रश्न मिटला. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी डाव्या हातानं सणसणीत फेकत होती. मी तिला शहाण्यासारखी पहिल्या बेसकडं पाठवायला लागले, खांदा कसा वळतो तेही दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तसा नियम शे का?’

नियम नाही, मी म्हटलं.

‘मंग मी आठेच,’ म्हणाली, आणि शॉर्टस्टॉपच्या जागी जाऊन उभी राहिली.

पहिल्या दोन वेळा तिचा चेंडू उशिरा पोचला, अगदी मी सांगितलं होतं तसा. तिसऱ्या वेळी ती चेंडूची वाट बघत थांबलीच नाही; धावत पुढं आली, उचलतानाच अंग वळवलं आणि पळता पळता फेकला. पळणारा मुलगा आणि चेंडू एकदमच पोत्यावर आले. बाद की नाबाद यावरून जे भांडण जुंपलं ते अंधार पडून राखेच्या रेघा दिसेनाशा होईपर्यंत चाललं.